हाकोनेची चौकी

साल 1815. तू एडोची बाई आहेस. या शहराला पुढे लोक टोकियो म्हणतील. माहेरी, क्योटोच्या बाजूला, आई आजारी आहे. तुझ्या कमरेच्या पट्ट्यात कापडात गुंडाळलेला एक कागद आहे : बाईमाणसाला एडोबाहेर पडायचं दस्तक. दर शंभर पावलांनी तू तो चाचपून बघतेस.

रात्री हाकोने घाटाच्या पायथ्याशी, युमोतोला उतरतेस. इथे पूर्वी औषधी स्नानासाठी आठवडाभर राहणाऱ्यांचाच मान. तुझ्यासारख्या वाटसरूला एका रात्रीपुरतं टेकायची अधिकृत मोकळीक मिळाली ती 1805 मध्ये. डोंगराच्या पोटातलं ऊन पाणी गळ्यापर्यंत येतं. पोटऱ्या सैलावतात. छातीतली धडधड मात्र तशीच राहते.

पहाटे घाट लागतो. पायाखाली दगडी फरसबंदी आहे. 1680 च्या आधी इथे चिखलावर बांबू अंथरायचे. गवती चपला ओल्या दगडावरून घसरतात. वर सुगी जातीची, देवदारासारखी उंच झाडं, अंगावर धुकं. चहाच्या टपरीवर आंबवलेल्या तांदळाचं गरम, गोड अमाझाके मिळतं, ते दोन्ही हातांनी धरून पितेस.

पुढे एक लहानसं तळं लागतं. सगळे तिथून गप्पपणे जातात. ओतामा नावाची पोर एडोत कामाला होती. तिला इझूला, आपल्या घरी जायचं होतं. दस्तक नव्हतं, म्हणून ती रानातून चौकी चुकवायला निघाली आणि सापडली. 1702 मध्ये तिला देहदंड झाला. लोक म्हणतात, तिचं शिर या पाण्यात धुतलं. तळ्याला आजही तिचंच नाव आहे.

मग आशी सरोवर दिसतं, आणि काठावर चौकी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी, मधल्या चिंचोळ्या वाटेवर दरवाजा. वरच्या टेहळणीच्या खोलीतून शिपाई पाण्यावर नजर ठेवून आहेत. सरदारांच्या बायका लष्करी शासक शोगुनने एडोत ओलीस ठेवल्या आहेत. त्यातली एखादी वेष पालटून निसटू नये, म्हणून बाहेर पडणारी प्रत्येक बाई संशयित. एक वयस्कर बाई पुढे येते, तुझे केस सोडते, बटांतून बोटं फिरवते, चेहरा कागदाशी ताडून पाहते. तू श्वास धरून उभी आहेस.

"जा."

दरवाज्यापलीकडे गेल्यावर तू प्रथमच मान वळवून सरोवराकडे बघतेस. मघाशीही ते इतकंच सुंदर होतं, पण भ्यालेल्या डोळ्यांना ती एक भिंत होती. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा डोंगर ढासळला, नदी अडली आणि हे पाणी साठलं. त्याला पहारेकरी केलं ते माणसांनी.

आता आजच्या काळात परत ये. चौकी 1869 मध्ये उठली. जुन्या बांधणीबरहुकूम पुन्हा उभारलेल्या दरवाज्यातून आज बायका हसत आत-बाहेर करतात, आणि संध्याकाळी ऊन पाण्यात निवांत बसतात. तूही बस. पण त्याआधी उलट पावली त्या तळ्यापर्यंत चालत जा आणि घटकाभर थांब. ओतामाला फक्त घरी जायचं होतं.