तमाशाचा फड आणि नाटकाची अंगे

कुकडी नदीच्या काठी वसलेले बोरी बुद्रुक तेथील प्राचीन ज्वालामुखीच्या राखेच्या थरामुळे भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. याच जुन्नर तालुक्यातील नारायणगावात वेगळ्या प्रकारचे थर पाहावयास मिळतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावची पुढारी मंडळी जत्रेची सुपारी देण्यास येतात. नाटकाची अंगे कोणती, हे त्या फडावरूनही शिकता येते.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची सहा अंगे सांगितली: कथानक, स्वभावरेखा, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. यांपैकी कथानक हा त्याच्या मते नाटकाचा आत्मा होय. तमाशाची वाटचाल मात्र नेमकी उलट झालेली दिसते.

तमाशाच्या आरंभी गण, म्हणजे गणेशस्तवन. त्यानंतर गवळण: मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडविणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि पुरुषाने वठविलेली मावशी. येथे पात्रे आली आणि त्यांच्यातील संघर्षही आला. बतावणीत सोंगाड्याचा हजरजबाबी संवाद, लावणीत संगीत, नृत्य व अभिनय. अखेरीस वग, म्हणजे सलग कथानक. उमाजी सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा. तत्पूर्वी १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगविले होते. कथानक हा तमाशाचा सर्वांत वरचा थर. त्याखालचे थर त्याहून जुने आहेत.

मग नाटकाला अपरिहार्य असे काय? जुन्या फडावर पडदा नसे, देखावाही नसे. नटाने रंगमंचावर एक फेरी मारली की राजवाड्याचे अरण्य होई. वगातील पुष्कळसे संवादही तेथल्या तेथे रचले जात. उरतात ते दोघेच: नट, आणि त्याच्यावर विश्वास टाकणारा प्रेक्षक.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही याची साक्ष मिळते. दहाव्या शतकात इंग्लंडमधील विंचेस्टर येथे पुनरुत्थानाच्या पहाटे मठवासी देवदूत आणि कबरीकडे आलेल्या स्त्रिया यांचा छोटासा संवाद सादर करीत. युरोपातील मध्ययुगीन धार्मिक नाटकाचा उगम अशा संवादांत शोधला जातो.

नटाची ही थोरवी मान्य केली, तर एक अवघड प्रश्न समोर येतो. तमाशा जोपासला तो मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांनी. आपण त्यांची कला पाहिली. त्यांना घरच्या ओटीवर मात्र बसविले नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचेच उदाहरण घ्या. खेळ रंगात असताना त्या आत जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, असे सांगतात. त्यांची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. आज महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देते.

वाचकहो, ‘तमाशा’ हा शब्द आपल्या घरांत अजूनही गोंधळ वा निंदा या अर्थीच उच्चारला जातो. पुढच्या वेळी तो ओठांवर येईल, तेव्हा त्या माउलीचे स्मरण व्हावे.