खाण थांबली, पाण्याचं काय?

१९९३ ला कोकण रेल्वे रोह्याहून आपल्या वीरपर्यंत आली, १९९८ ला गोवा ओलांडून पुढे गेली. त्याच रुळांच्या वाटेवरची ही गोष्ट.

डिचोली तालुक्यातलं शिरगाव. लोहखनिजासाठी खाणी भूजलाच्याही खाली उतरल्या. खड्डा कोरडा ठेवायचा तर पाणी सतत उपसायला हवं. झालं, गावच्या विहिरी, झरे आटले. पावसात लाल माती ओहोळातून शेतात. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं, २०१८ ला ८८ लीज रद्द केल्या. पंप बंद झाले की खड्डे भरतात, लांबून झकास तळं दिसतं! पण ओढ्याला त्यातलं किती मिळतं, त्यात लोह, मँगनीज, गाळ किती, हे पावसाआधी, भर पावसात आणि उन्हाळ्यात, त्याच जागी, वर्षानुवर्षं मोजावं लागतं. एकदाच बाटली भरून नेणं म्हणजे निव्वळ फोटोपुरतं.

महाडला खाण नाही, एमआयडीसी आहे. सावित्रीने २०१६ ला पूल नेला, २०२१ ला शहर बुडवलं, तेव्हा पातळी किती ते जो तो विचारत होता. मे महिन्यातल्या पाण्याचा तपासणी अहवाल किती जणांनी पाहिलाय? येत्या ग्रामसभेत मी तो मागणार आहे.