विमापात्र जीवित : एका कल्पनेचा इतिहास

आयुर्विम्याच्या परिभाषेत माणसास स्थान नाही; तेथे केवळ ‘जीवित’ असते आणि ते सामान्य, निकृष्ट अथवा अपात्र ठरविले जाते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील युरोपीय विमा कंपन्या हिंदी माणसाचे जीवित सरसकट निकृष्ट समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत निघालेल्या बाँबे म्युच्युअल संस्थेने हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरविला, तेव्हा ही वर्गवारी निसर्गसिद्ध नसून बदलू शकते हे प्रथमच प्रत्ययास आले. हाच प्रश्न पुढे एच.आय.व्ही. बाधितांच्या बाबतीत अधिक तीव्रपणे उपस्थित झाला.

एड्सची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली व १९८५ साली रक्तचाचणी उपलब्ध झाली. रक्तदानाच्या सुरक्षिततेसाठी निघालेली ही चाचणी विमा कंपन्यांनी लगोलग उचलली. चाचणीत दोष आढळला की अर्ज फेटाळला जाई. वॉशिंग्टन नगरीच्या विधिमंडळाने १९८६ साली या प्रथेस कायद्याने बंदी केली, परंतु तो कायदा काही वर्षांतच रद्द झाला. कंपन्यांचा युक्तिवाद त्या काळापुरता निराधार नव्हता, हे मान्य केले पाहिजे. रोगावर खात्रीचा उपाय नव्हता, आणि निश्चित संकटाचा विमा उतरविता येत नाही.

ज्यांनी बाधेपूर्वीच विमा घेतला होता त्यांच्याभोवती मात्र १९८८ च्या सुमारास एक चमत्कारिक व्यापार उभा राहिला. रोगी आपले विमापत्र जिवंतपणीच विकी. समजा, एक लाख डॉलरचे विमापत्र साठ हजारांस. पुढील हप्ते खरेदीदार भरी आणि मृत्यूनंतर पूर्ण रक्कम त्याच्या पदरी पडे. औषधपाण्यास व घरभाड्यास पैसा मिळाल्याने रोग्याचे शेवटचे दिवस सुसह्य होत, हे खरे. पण मृत्यू जितका लवकर येईल तितका खरेदीदाराचा नफा अधिक, हेही तितकेच खरे. या व्यवहारास ‘व्हायाटिकल’ हे नाव मिळाले. त्याच्या मुळाशी ‘मार्ग’ या अर्थाचा लॅटिन शब्द असून, ‘व्हायाटिकम’ म्हणजे प्रवाशाची शिदोरी. ख्रिस्ती संप्रदायात मरणासन्नास दिला जाणारा अखेरचा प्रसाद. आपल्याकडील ‘पाथेय’ हा शब्द ‘पथिन्’पासून याच रीतीने आला आहे. व्यापाऱ्यांनी नाव निवडले ते मोठे मार्मिक. तथापि येथे शिदोरी बांधून देणाराच प्रवासी लवकर निघावा म्हणून घड्याळाकडे पाहत होता.

१९९६ साली व्हँकूव्हर येथील परिषदेत संयुक्त औषधोपचाराचे परिणाम जाहीर झाले आणि या व्यापाराचे गणितच कोलमडले. रोगी जगू लागले. हे वरदानच होते. परंतु विमापत्र विकून बसलेल्या कित्येकांपुढे आता दीर्घ आयुष्य होते व विमा नव्हता.

मृत्युमानाचे कोष्टक बदलले, तरी अर्जाचे नमुने बदलण्यास वेळ लागला. दक्षिण आफ्रिकेत २००४ साली स्थापन झालेल्या ऑललाईफ या संस्थेने बाधितांचाच विमा उतरविण्यास आरंभ केला. तिची अट साधी होती : औषध नियमित घ्यावे व ठराविक काळाने रक्त तपासून घ्यावे. बाधेपेक्षा उपचारातील सातत्यास महत्त्व देणारी ही दृष्टी नवी होती. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारतात मोफत औषधोपचार सुरू झाला. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

भारतात २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. विमा नाकारणे वा विम्यात अन्यायाची वागणूक देणे त्याने निषिद्ध ठरविले. मात्र विमागणितीय अभ्यासाचा आधार असल्यास सवलत ठेवली. सर्व मख्खी या अपवादात आहे. अभ्यास २००४ पूर्वीच्या मृत्यूंचा घ्यावयाचा की नियमित उपचार घेणाऱ्यांच्या आयुर्मानाचा, यावर निर्णय फिरतो. दरम्यान नकाराच्या भीतीने जो बाधा लपवितो, त्याच्या वारसांचा दावा धोक्यात येतो. २०१५ च्या दुरुस्तीनुसार विमापत्रास तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणास्तव हरकत घेता येत नाही. त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू ओढवला, तर विधवेच्या हाती भरलेल्या हप्त्यांच्या पावत्याच उरण्याचा संभव असतो.