पसंतीचे मोजमाप

किंमत कमी हवी की दर्जा चांगला हवा, असे थेट विचारले तर बहुतेक ग्राहक 'दोन्ही' असेच सांगतात. उत्तर प्रामाणिक असते, पण उत्पादकाच्या उपयोगाचे नसते. दुकानात एक मिळवण्यासाठी दुसरे सोडावे लागते. ग्राहक कशासाठी काय सोडेल, हे आकड्यांत मांडणाऱ्या पद्धतीला 'कन्जॉइंट ॲनालिसिस' म्हणतात.

तिचे मूळ गणिती मानसशास्त्रात आहे. डंकन ल्यूस व जॉन टुकी यांनी १९६४ मध्ये मांडलेली कल्पना पॉल ग्रीन आणि विठला राव यांनी १९७१ मध्ये बाजार संशोधनात आणली. पुढे १९७५ मध्ये ग्रीन व योराम विंड यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त ती एका साध्या वस्तूवरून समजावली. वस्तू होती गालिच्यावरील डाग काढण्याचे द्रव्य. वेष्टनाचे तीन नमुने, तीन नावे, १.१९ ते १.५९ डॉलरपर्यंतच्या तीन किमती. शिवाय 'गुड हाउसकीपिंग' मासिकाची मुद्रा आणि पैसे परत करण्याची हमी, या दोन्ही असणे वा नसणे. याच्या जोडण्या होतात १०८. एवढ्यांचा क्रम लावताना कोणीही कंटाळेल! म्हणून प्रत्येक गुणधर्माचा प्रभाव वेगळा काढता येईल, अशा बेताने १८ जोडण्या निवडल्या गेल्या. ग्राहकाने त्यांना फक्त पसंतीक्रम द्यायचा; त्यावरून गणिताने प्रत्येक पर्यायाचे गुण ठरतात.

उदाहरणातील ग्राहकाच्या लेखी सर्वांत कमी किमतीला १.०, तर सर्वांत जास्त किमतीला ०.१ गुण मिळाले. वेष्टनातही तेवढाच फरक पडला. हमी असल्यास ०.७, नसल्यास ०.२. मासिकाच्या मुद्रेने मात्र ०.२ चे जेमतेम ०.३ झाले. दाखवलेल्या १८ जोडण्यांत सर्वाधिक बेरीज ३.१ होती, तिचे केवळ वेष्टन बदलले तर ती ३.५ होत होती. ही सर्वोत्तम जोडणी त्या ग्राहकासमोर ठेवलेलीच नव्हती. पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे दिसते.

मॅरिएट कंपनीने १९८३ मध्ये सुरू केलेल्या 'कोर्टयार्ड' हॉटेलांची आखणीही याच मार्गाने झाली. तेथे सुमारे ५० गुणधर्म तपासले गेले.

अर्थात, जे कार्डावर नाही ते मोजले जात नाही, आणि पसंतीक्रम लावताना खिशातून पैसे जात नाहीत. गुणांची सरळ बेरीज करणे हेही गृहीतकच आहे. म्हणूनच पुढे क्रम लावून घेण्याऐवजी तीन-चार पर्यायांतून एक निवडायला सांगण्याची रीत रूढ झाली. त्यात 'यांपैकी काहीच नको' हा पर्यायही ठेवता येतो.