लिंगमळ्याला सिंकोना का जगला नाही?

महाबळेश्वरच्या लिंगमळा धबधब्यापाशी सेल्फी काढणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं, की १८६०च्या दशकात सरकारने इथे सिंकोना लावून पाहिला होता. त्याच्या सालीतून क्विनाइन मिळतं, आणि तेव्हा हिवतापावर दुसरं खात्रीचं औषधच नव्हतं.

झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या ओल्या उतारांवरचं. क्लेमंट्स मार्कहॅमने १८६० साली पेरूहून रोपं आणली. ती जगली नाहीत. रिचर्ड स्प्रूसने इक्वाडोरमध्ये गोळा केलेल्या लाल सालीच्या जातीने मात्र निलगिरीत मूळ धरलं.

मार्कहॅमची जागा शोधायची रीत मला आवडते. उंची, गारवा, हवेतला ओलावा यांचा अँडीजशी ताळा घालून त्याने निलगिरी निवडली. तिथेही सगळ्यांना एकच जागा नाही: थंडी सोसणाऱ्या जाती वर दोडाबेट्टाच्या उतारावर, लाल सालीची खाली नडुवट्टमला.

मग महाबळेश्वर का फसलं? उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास, हवा गार, आणि पाऊस तर विचारूच नका. वर्षाची बेरीज पाहिली तर महाबळेश्वर उटीला कुठल्या कुठे मागे टाकतं. पण ही बेरीजच फसवी. आपला पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. निलगिरीला नैऋत्येपाठोपाठ ईशान्येचा मान्सूनही भिजवतो, त्यामुळे कोरडे महिने थोडे. लिंगमळ्याच्या झाडांना आधी धो धो पाणी, मग लांबलचक कोरड. शेवटी लागवड सोडून द्यावी लागली, आणि क्विनाइनसाठी निलगिरी आणि दार्जिलिंगकडेच पाहणं आलं.