धुक्यातलं विमान आणि छातीतली धडधड

बँकेत मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर बसलं की आपल्यातल्या कितीजणींचे हात गार पडतात, घशाला कोरड पडते! हिशोब तोंडपाठ असतो, वही हातात असते, आणि आत गेल्यावर नेमका आकडाच आठवत नाही. आम्ही गटातल्या बायका आजवर म्हणत आलो, आपण कमी शिकलेल्या म्हणून असं होतं. पण वैमानिकांचं आणि अंतराळवीरांचंही असंच होतं, आणि त्यावर उपाय शोधण्यात जवळजवळ शंभर वर्षं गेलीत. ती हकिकत आज सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं शहर आहे. तिथे एडविन लिंक हा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. ऑर्गन म्हणजे आपल्या भजनातल्या पेटीचं थोरलं भावंड, तेही भात्याच्या हवेवर वाजतं. लिंकला विमान चालवायचं वेड, पण शिकवणी फार महाग. मग १९२९ साली त्याने कारखान्यातलेच भाते लावून एक छोटं लाकडी विमान केलं. ते जमिनीवरच डोलायचं, कलायचं, वळायचं. लष्कराने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. जत्रेतल्या पाळण्यासारखं ते करमणुकीच्या बागांमध्ये जाऊन बसलं.

१९३४ साली अमेरिकेच्या सरकारने विमानाने टपाल नेण्याचं काम लष्कराकडे दिलं. हिवाळा, बर्फ, धुकं. काही आठवड्यांतच डझनभर तरुण जिवाला मुकले. धुक्यात माणसाचं शरीरच त्याला फसवतं. विमान हळूहळू एका बाजूला वळत असलं, तरी कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की सगळं सरळ चाललंय. समोरचा काटा वेगळंच दाखवत असतो. घाबरलेला माणूस काट्याचं सोडून अंगाचं ऐकतो, आणि विमान खाली येतं.

मग लष्कराचे अधिकारी लिंकला भेटायला नेवार्कच्या विमानतळावर जमले. त्या दिवशीही दाट धुकं होतं. हा काही येत नाही, असं धरून ते निघायच्या बेतात होते. तेवढ्यात लिंक काट्यांच्या भरवशावर विमान घेऊन उतरला. लष्कराने त्याची ६ यंत्रं विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर लोक या निळ्या खोक्यात बसून शिकले.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्या युद्धात या यंत्रावर शिकवायला अमेरिकेच्या नौदलाने आपल्या महिला दलातल्या बायका नेमल्या. वैमानिक झाकण लावून आत, अंधारात. बाई बाहेर टेबलापाशी, कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. नकाशावर एक छोटं चाकाचं यंत्र शाईने त्याची वाट काढत जायचं. त्याला ते 'खेकडा' म्हणत! पोरगा चुकला की खेकडा भलतीकडे जायचा. पण कुणी मरायचं नाही. पुन्हा झाकण लावायचं, पुन्हा सुरुवात.

सराव झाला, पण छातीतल्या धडधडीचं काय? हृदयाचे ठोके, घाम, हातातलं रक्त हे आपल्या हुकमात नसतं, असंच डॉक्टर मानत. आपल्याकडे मात्र लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि योग करताना शरीरात काय बदलतं ते यंत्रांनी तपासायला घेतलं. अमेरिकेत १९६०च्या दशकात काही शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. माणसाला त्याचे ठोके काट्यावर किंवा आवाजातून त्याच क्षणी दाखवले, तर ते कमी-जास्त करायला तो हळूहळू शिकतो. याला बायोफीडबॅक म्हणतात. पीठ सैल झालं की घट्ट ते हाताला कळतं म्हणूनच ते आपण सावरतो. तसंच हे.

हे काम अंतराळापर्यंत नेलं पॅट्रिशिया काउिंग्ज या कृष्णवर्णीय बाईंनी. त्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या, वडील किराणा दुकानदार. अंतराळात गेल्यावर पहिले काही दिवस निम्म्याहून जास्त लोकांना मळमळतं. पोशाखाच्या बंद शिरस्त्राणात उलटी झाली तर जीव गुदमरू शकतो. काउिंग्जबाई नासाच्या कॅलिफोर्नियातल्या केंद्रात माणसाला गरगर फिरणाऱ्या खुर्चीवर बसवत. अंगाला तारा, समोर त्याचेच ठोके, त्याचाच घाम, त्याच्याच बोटांची ऊब. अर्ध्या अर्ध्या तासाच्या १२ बैठका, म्हणजे फक्त ६ तास. तेवढ्यात बहुतेक जण मळमळ आवरायला शिकत. १९८५ साली हे शिकलेले अंतराळवीर वर गेले. १९९२ साली मे जेमिसन ही अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन बाई, तिनेही हा प्रयोग वर केला. काउिंग्जबाईंना स्वतःला नासाने अंतराळवीराचं शिक्षण दिलं होतं. वर जायची पाळी मात्र त्यांच्यावर कधी आली नाही. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो.

डोळ्यांवर चढवायच्या चष्म्याची, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीची, गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी केलेलं असं यंत्र इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. १९८०च्या दशकात काउिंग्जबाईंच्याच केंद्रात दुसऱ्या लोकांनी डोक्यावर घालता येईल असं केलं. १९९३ साली हबल दुर्बीण दुरुस्त करायला निघालेल्यांनी असाच चष्मा घालून आधी खोट्या अवकाशात सराव केला. आता दोन्ही गोष्टी जोडतात. चष्म्यात संकट दिसतं, बोटावरची पट्टी ठोके मोजते, आणि श्वास सावरला की तो आकडा उतरताना दिसतो.

चष्मा आपल्याकडे यायचा तेव्हा येईल. येत्या मासिक बैठकीत आम्ही मध्ये टेबल मांडणार आहोत. एक जण मॅनेजर होईल, कडक बोलेल. कर्ज मागायला जाणारी मनगटावर दोन बोटं ठेवून आधी अर्धा मिनिट ठोके मोजेल, सावकाश श्वास घेईल, पुन्हा मोजेल, मग बोलेल. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. येताना गटाची वही घेऊन या, आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ.