माशीची साक्ष

भिवंडीजवळच्या दापोड्यासारख्या भातशेतीच्या गांवीं विळा हें घरोघरचें अवजार. कापणी झाली कीं तो धुवून-पुसून ठेवावयाचा. अशा पुष्कळ विळ्यांपैकीं एकानें मनुष्यवध झाला असेल तर तो ओळखावा कसा? हा प्रश्न पूर्वीं चीन देशांतील एका तपासणी अधिकाऱ्यापुढें उभा राहिला. त्यानें आसपासच्या लोकांस आपापले विळे आणून जमिनीवर मांडावयास लाविलें. सत्तर-ऐशीं विळे मांडले गेले. दिवस उन्हाळ्याचे होते. थोड्याच वेळांत एका विळ्यावर माशा घोंगावूं लागल्या. इतरांकडे एकही फिरकेना. डोळ्यांस न दिसणारा रक्ताचा अंश माशांस वासानें कळला होता. विळ्याच्या धन्यानें अपराध कबूल केला. सुंग त्झू या न्यायाधिकाऱ्यानें १२४७ सालच्या आपल्या ग्रंथांत ही हकीकत नमूद केली आहे.

येथें माशीनें हत्यार दाखविलें. मृत्यूचा काळ तिच्याकडून कळण्यास मात्र आणखी कित्येक शतकें जावीं लागलीं. कारण किडे आपोआप उत्पन्न होतात, अशी समजूत सर्वत्र होती. मनुस्मृतींतही माशीची गणना स्वेदज प्राण्यांत केलेली आहे. १६६८ सालीं इटलींतील फ्रान्सिस्को रेडी यानें कांहीं भांड्यांतील मांस उघडें ठेविलें आणि कांहींचीं तोंडें विरळ कापडानें बांधिलीं. उघड्या मांसांत अळ्या झाल्या. झांकलेल्या मांसांत झाल्या नाहींत. अळी माशीच्या अंड्यांतून निघते हें ठरल्यावर अंडें, अळी, कोश आणि माशी या अवस्थांचे दिवस मोजणें शक्य झालें.

१८५० सालीं फ्रान्समध्यें एका घराच्या धुराड्यामागें अर्भकाचें वाळलेलें प्रेत सांपडलें. संशय अर्थातच त्या वेळीं तेथें राहणाऱ्यांवर गेला. परंतु डॉक्टर बर्जरे यांनीं प्रेतावरील किड्यांवरून मृत्यु कांहीं वर्षांपूर्वींचा ठरविला आणि संशय पूर्वींच्या बिऱ्हाडकरूंकडे वळला. त्यांची गणना आजच्या मानानें ढोबळ होती. तरी कीटकाच्या साक्षीनें माणसावरील आळ दूर होऊं शकतो, हें तिनें दाखविलें.

या शास्त्राचा सर्वांत गाजलेला खटला मुंबईंत जन्मलेल्या एका पारशी डॉक्टरचा आहे. त्याचें मूळ नांव बख्त्यार हकीम. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन तो विलायतेस गेला आणि बक रक्स्टन या नांवानें लँकेस्टर येथें व्यवसाय करूं लागला. २९ सप्टेंबर १९३५ रोजीं स्कॉटलंडमधील मॉफट गांवाजवळच्या ओढ्यांत दोन स्त्रियांच्या छिन्नविच्छिन्न देहांचीं गांठोडीं सांपडलीं. ओळख पटूं नये म्हणून चेहरेही विद्रूप केलेले होते. ग्लासगोचे डॉक्टर अलेक्झांडर मर्न्स यांनीं त्यांवरील अळ्या तपासून त्यांचें वय बारा ते चौदा दिवस ठरविलें. रक्स्टनची पत्नी इझाबेला आणि मोलकरीण मेरी रॉजर्सन या दोघी सप्टेंबरच्या मध्यापासूनच बेपत्ता होत्या. गांठोड्यांतील वर्तमानपत्राची विशिष्ट आवृत्ति आणि कवटीशीं जुळविलेलें छायाचित्र यांचीही जोड मिळाली. रक्स्टन दोषी ठरला आणि १२ मे १९३६ रोजीं त्यास फांशी झाली.

मात्र अळीची वाढ हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते. स्कॉटलंडच्या थंडींत ज्या वाढीस बारा-चौदा दिवस लागतात, ती ठाणें जिल्ह्याच्या उकाड्यांत पुष्कळ लवकर पुरी होते. शिवाय अळीच्या वयावरून अंडीं केव्हां घातलीं एवढेंच कळतें. प्रेत गुंडाळलेलें असेल किंवा बंद खोलींत असेल, तर माशी उशिरां पोंचते. रात्रीं ती बहुधा अंडीं घालीत नाहीं. परक्या मुलुखाचें कोष्टक दापोड्याच्या शेतांत जसेंच्या तसें लाविल्यास दोन-चार दिवसांची चूक सहज होईल, आणि त्या चार दिवसांत परगांवीं असलेला खरा अपराधी सुटून त्या वेळीं घरीं असलेला निरपराध मनुष्य सांपडेल. म्हणून अळ्या गोळा करणाऱ्यानें त्या जागेच्या उष्णतेचीही नोंद त्याच वेळीं करून ठेविली पाहिजे. माशीला कोणाचा पक्ष नसतो. चूक झालीच तर ती तिची साक्ष वाचणाऱ्याचीच होय.